दुतोंडी गाड्या

चार सिलिंडरच्या गाडीला मागून दोन सायलेन्सर लावणं हा निव्वळ बिनडोकपणा आहे. हे वाक्य मी शेवटी लिहिणार होतो. पण म्हटलं आधीच लिहून टाकू, म्हणजे ज्यांना रागवायचंय ते इथूनच रागावून निघून जातील आणि उरलेल्यांशी निवांत बोलता येईल.

तर मंडळी, उरलात ना? बसा.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये शुक्रवारी संध्याकाळी एक चक्कर मारा. दहा-बारा हॅचबॅक तरी अशा दिसतील की समोरून साध्यासुध्या, बाराशे सीसीच्या, आणि मागून बघावं तर बंपरच्या डाव्या-उजव्या बाजूला चकचकीत नळकांडी. एक इकडे, एक तिकडे. मालकाला विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. एक, पॉवर वाढते. दोन, इंजिन मोकळा श्वास घेतं. तीन, मायलेजपण वाढतं म्हणे (हे 'म्हणे' फार महत्त्वाचं). आणि बराच वेळ खोदून विचारलं की चौथं, खरं उत्तर येतं: "फील येतो यार!"

पहिली तीन उत्तरं इंजिनाबद्दल आहेत आणि खोटी आहेत. चौथं मालकाबद्दल आहे आणि खरं आहे. माझं भांडण आधी पहिल्या तिघांशी आहे, मग चौथ्याशी.

माझी पात्रता विचाराल तर मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणारा माणूस आहे. पुण्यात दगड मारला तर असा माणूस सापडतो. (जावा म्हणजे लँग्वेज. मोटरसायकलवाली जावा पुढे येणार आहे, धीर धरा.) चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स घोकून झालं आणि हापिसात त्याचा उपयोग शून्य. तेव्हा त्या चार वर्षांची फी आज वसूल करून घेतो.

मुळात दोन सायलेन्सर आले कुठून? अमेरिकेतून. तिकडच्या व्ही-८ इंजिनात आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत बसवलेले असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. प्रत्येक रांगेला आपलं हेड, आपलं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. दोन बिऱ्हाडं, दोन मोऱ्या. इंजिनाच्या दोन बाजूंनी दोन नळ्या खाली उतरतात, त्या तशाच मागपर्यंत नेणं हा अगदी सरळ विचार झाला. गंमत म्हणजे तिकडेही पैसे वाचवायला बऱ्याच व्ही-८ गाड्यांमध्ये त्या दोन नळ्या खाली जोडून मागे एकच सायलेन्सर द्यायचे, आणि दोन हवे असतील तर वरचं मॉडेल घ्या किंवा जास्तीचे पैसे मोजा असा मामला होता. म्हणजे मागे दोन तोंडं दिसली की समजायचं, गडी महाग आहे. आपल्याकडे जे झिरपत आलं ते हे. इंजिनिअरिंग तिकडेच राहिलं, थाट तेवढा आला.

आणि आता खरी मजा. ज्या व्ही-८ ला दोन नळ्यांचा खराखुरा हक्क आहे, त्यांचे शौकीन काय करतात माहितीये? त्या दोन नळ्या गाडीखाली मध्येच एकमेकींना जोडतात. आडवी नळी टाकली तर एच-पाइप, फुली मारली तर एक्स-पाइप. कारण त्या क्रँकच्या ठेवणीमुळे एका रांगेतले धमाके समान अंतराने होत नाहीत. एका नळीत लागोपाठ दोन येतात, मग मोठी खाच पडते. जोडल्यावर दोन्हीकडचा दाब सारखा होतो. म्हणजे ज्यांच्याकडे दोन आहेत ते एक करायला धडपडतायत, आणि ज्यांच्याकडे देवाच्या कृपेने मुळातच एक आहे ते गॅरेजवाल्याला पैसे देऊन त्याचे दोन करून घेतायत!

आता आपलं चार सिलिंडरचं इंजिन बघू. चार भांडी एका ओळीत, एक हेड, एक मॅनिफोल्ड. फायरिंग ऑर्डर बहुतेक सगळीकडे १-३-४-२. क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एका सिलिंडरची पाळी. कुणी कुणाच्या मध्ये येत नाही, लागोपाठ येत नाही, उशीर करत नाही. लक्ष्मी रोडवर अशी शिस्त असती तर मी पुण्याबद्दल कधी तक्रार केली नसती.

या शिस्तीचा फायदा घेता येतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळलेला वायू नुसता बाहेर 'वाहत' नाही, त्याचा एक दाबाचा ठोका नळीतून धावत सुटतो. तो ठोका जिथे नळ्या एकत्र येतात तिथे, म्हणजे अचानक मोकळी जागा मिळते तिथे पोचला, की एक उलटी, कमी दाबाची लाट परत इंजिनाकडे निघते. ही लाट नेमक्या वेळी परतली, म्हणजे एक्झॉस्ट आणि इनटेक दोन्ही व्हॉल्व्ह थोडे-थोडे उघडे असतानाच्या त्या छोट्याशा क्षणी, तर ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते आणि ताज्या हवेला आत यायला मदत करते. याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. ४-२-१ हेडर नावाचा जो प्रकार असतो त्यात १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी, आणि मग त्या दोघांची मिळून एक नळी करतात ती याच हिशेबाने. एका जोडीतल्या दोन ठोक्यांत क्रँकचा बरोब्बर एक पूर्ण फेरा जातो.

थोडक्यात, चार नळ्या एकत्र येणं ही चार सिलिंडरच्या इंजिनाची मजबुरी नाही. त्यात त्याचा फायदा आहे.

मोटरसायकलवाल्यांना हे पन्नास वर्षांपूर्वी कळलं होतं. १९६९ ला आलेल्या होंडा सीबी ७५० ला चार सिलिंडरचे चार वेगळे सायलेन्सर होते, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. दिसायला काय दिसायचं ते! पण ती गाडी रेसला नेणाऱ्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ते चारही काढून टाकले आणि चारांतून एक होणारं हेडर लावलं. जपानच्या योशिमुराचं नाव सत्तरच्या दशकात त्यातूनच गाजलं. आणि मग १९७५ ला खुद्द होंडानेच सीबी ४०० एफ काढली, चार नळ्या पुढून एका बाजूला वळून एकात शिरणाऱ्या. त्या नळ्यांचं वळण आजही लोक फोटो काढून ठेवतात. म्हणजे एका नळीची गाडी दिसायलाही वाईट नसते. असो.

"पण मी तर चारांचे दोन-दोन करून शेवटपर्यंत वेगळे नेले तर?" असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारेल. जा की ने! मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन लागतील, ऑक्सिजन सेन्सर दुप्पट लागतील, ईसीयूला ते समजावून सांगावं लागेल, आणि बाराशे सीसीच्या गाडीखाली हे सगळं मावणारही नाही. आपल्या इथलं कुठलंही गॅरेज हे करत नाही. ते काय करतात, तर कॅटच्या पुढे आलेल्या त्या एकाच नळीला अगदी शेवटी, मागच्या सीटखाली कुठेतरी, एक वाय वेल्ड करतात आणि त्याचे दोन फाटे करून डावीकडे-उजवीकडे सोडतात. बस्स. पुढे जे अरुंद होतं ते अरुंदच राहिलं.

हापिसात हे कुणी केलं असतं तर? डेटाबेस एकच, तोच मरतोय, आणि कुणीतरी शहाणा म्हणतो की आपण लोड बॅलन्सर लावून दोन वेब सर्व्हर टाकू. तुम्ही त्याला मीटिंगमध्ये सोलून काढाल. "प्रोफायलर लावलास का? बॉटलनेक कुठे आहे?" आणि तोच तुम्ही शनिवारी गॅरेजवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कटिंग पीत बसून म्हणता, "हां, लावून टाक."

बरं, मी प्रोफायलर लावतो. पाकिटाच्या मागच्या बाजूवर मावेल एवढंच गणित आहे. आधीच्या स्विफ्टमधलं चार सिलिंडरचं ११९७ सीसीचं इंजिन घ्या. (२०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये तीनच सिलिंडर उरलेत, तो दुखवटा वेगळा.) ६००० आरपीएमला, पूर्ण थ्रॉटल, ते सेकंदाला जास्तीत जास्त ६० लिटर हवा ओढेल. मागच्या नळीत वायू ४०० अंश सेल्सिअस धरला तर तो फुगून साधारण १३३ लिटर होतो. ४५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून तो सेकंदाला सुमारे ८४ मीटर वेगाने जाईल. ऐकायला प्रचंड वाटतं. पण त्या वेगाला शेवटच्या एक मीटर सरळ नळीत घर्षणाने जो दाब खर्च होतो, तो येतो साधारण एक किलोपास्कल. बाहेर वातावरणाचा दाब आहे १०१ किलोपास्कल.

म्हणजे ती शेवटची नळी तुम्ही दोन केली काय, दहा केल्या काय, किंवा कापून फेकून दिली काय, वाचणार आहे एक टक्का. तोही ६००० आरपीएमला. वाकड आणि हिंजवडीच्या मध्ये तुम्ही ६००० आरपीएमला शेवटचे कधी होतात? दोन हजारला वेग एक तृतीयांश, घर्षण एक नवमांश, आणि पाय अर्धाच दाबलेला असतो म्हणून त्याहूनही कमी. शिवाय त्या वायचा काटा, फाटे दोन्हीकडे न्यायला दिलेली दोन-दोन वळणं, वेल्डिंगच्या आत आलेले थेंब, हे सगळे आपापला वाटा खातातच. आणि वजन? दुसरा सायलेन्सर हवेने भरलेला नसतो, लोखंडाने भरलेला असतो.

अजून एक गोष्ट, जी गॅरेजात कुणी सांगत नाही. वायू मॅनिफोल्डमध्ये सगळ्यात गरम, म्हणून सगळ्यात फुगलेला असतो. मागे जाता जाता तो थंड होतो, आकसतो. म्हणजे जागेची सगळ्यात जास्त टंचाई पुढे इंजिनाजवळ, आणि सगळ्यात कमी अगदी शेवटच्या टोकाला. गर्दी स्वारगेटला आहे आणि तुम्ही कात्रजच्या पुढचा रस्ता रुंद करताय.

खरंच जागा कमी पडत असेल, म्हणजे टर्बो लावलाय, कॅम बदललाय, बूस्ट वाढवलाय, तर उपाय सोपा आहे. नळी एकच ठेवा, थोडी जाड घ्या. दोन इंची नळीऐवजी सव्वादोन इंची घेतली की क्षेत्रफळ २७ टक्के वाढतं. अडीच इंची घेतली तर ५६ टक्के. वाय नको, दुसरा सायलेन्सर नको, दुप्पट रबरी हँगर नकोत. टर्बोच्या गाडीला टर्बोनंतरची नळी नीट केली तर पॉवर खरोखर वाढते, ते मी नाकारतच नाही. पण तिथेही टर्बोतून बाहेर पडणारं तोंड एकच असतं हो!

(सुबारूच्या चाहत्यांनो, तुम्ही हात वर केलेला दिसतोय. तुमचं बॉक्सर इंजिन चार सिलिंडरचंच, पण दोन-दोन समोरासमोर. त्याचा तो प्रसिद्ध गुरगुराट जुन्या हेडरच्या नळ्या असमान लांबीच्या असल्यामुळे यायचा. मागच्या तोंडांचा त्यात काही हात नव्हता. खाली घ्या हात.)

मग कंपन्या का लावतात दोन-दोन? हा प्रश्न रास्त आहे. फोर्डने २०१५ च्या मस्टँगमध्ये चार सिलिंडरचं टर्बो इंजिन दिलं आणि मागे दोन्ही बाजूंना दोन तोंडं ठेवली, कारण मस्टँगला ती असतात. आवाज पुरेसा रांगडा येईना म्हणून स्पीकरमधून जोड दिली. ह्युंदाईने २०२१ ला आपल्याकडे आय-ट्वेंटी एन लाइन आणली, एक लिटर, तीन सिलिंडर, आणि मागे जुळी टोकं. तीनाला दोन! भागाकार करून बघा. जर्मन कंपन्यांनी तर मध्यंतरी कहर केला. बंपरवर क्रोमची दोन रुंद तोंडं, आणि वाकून आत बघितलं तर ती बंद. खरी नळी मागे खाली तोंड करून लपलेली. लाखो रुपयांच्या गाडीला काढलेल्या खोट्या भुवया.

आणि आता वचन दिल्याप्रमाणे जावा. आपल्या वडिलांच्या पिढीची जावा आणि येझदी २५० आठवते? सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. पण ते प्रामाणिक होतं, कारण त्या टू-स्ट्रोक सिलिंडरलाच दोन एक्झॉस्ट पोर्ट होते, दोन दारं म्हणून दोन नळ्या. २०१८ ला नवी जावा आली, फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, सगळं नवीन. सायलेन्सर मात्र दोनच, कारण जुन्या जावाला दोन होते. बीएस-६ आल्यावर ते दोन टिकवण्यासाठी त्यांनी 'क्रॉस पोर्ट' नावाची वेगळी रचनाही केली. मला त्यात खोट वाटत नाही. त्यांनी कधी दुसऱ्या नळीने पॉवर वाढते असं सांगितलं नाही. जुन्या आठवणीसाठी लावलंय आणि चाचण्या पास करून लावलंय. नथ घातली म्हणून कुणी श्वास जास्त घेता येतो असं सांगत नाही. नथ छान दिसते म्हणून घालतात.

तुम्हीही एवढंच म्हणालात की "दागिना आहे, आवडला, लावला", तर मी या क्षणी कीबोर्ड बाजूला ठेवतो. बंपरवर दोन क्रोमच्या टोप्या चिकटवा आणि खुशाल फिरा. पण गॅरेजमध्ये गोष्ट तिथे थांबत नाही ना! दागिना घालता घालता नाकच कापलं जातं, आणि इथून पुढे हा विषय तुमच्या एकट्याच्या हौसेचा राहत नाही.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. सेकंडहँड स्विफ्ट, बीएस-४, इंजिन एकदम ठणठणीत. बोनस आला आणि स्वारी एका गॅरेजात गेली. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा मागे दोन तोंडं होती आणि मध्ये काहीच नव्हतं. काहीच नव्हतं म्हणजे अक्षरशः! मिस्त्रीने दोन तोंडांबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही कापून काढला होता. "ते काय कामाचं नसतं साहेब, इंजिनाला चोक करतं." काढलेला डबा गाडीत परत ठेवला का? नाही. मित्राने मागितला का? नाही. "भंगार होतं ना ते."

भंगार! त्या डब्यात मधमाशीच्या पोळ्यासारखा एक सिरॅमिकचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. गेल्या काही वर्षांत पुण्यात आणि आसपास मारुती ईकोचे सायलेन्सर रात्रीतून चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या, त्या काय सायलेन्सरच्या प्रेमात होत्या? लोक मध्यरात्री गाडीखाली झोपून, तुरुंगाची जोखीम पत्करून जे कापून नेतात, ते आमच्या इंजिनिअर मित्राने दिवसाढवळ्या, चहा पीत, वर मजुरी देऊन काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. लागणारच. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात, आणि दोघांचे आकडे जवळपास सारखे यायला लागले की ईसीयूला कळतं की मधला गडी काम करत नाहीये. यावर गॅरेजचा उपाय काय? ईसीयूमध्ये तो एरर कोडच बंद करून टाकला. बग फिक्स करायच्या ऐवजी लॉगिंग बंद केलं! आणि हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचा कोड रिव्ह्यू करतो.

त्या पोळ्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड होतं, न जळलेलं पेट्रोल जळतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. ते काढलं की हे सगळं कच्चंच बाहेर. कुणाच्या नाकात? सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटीवाल्या मुलीच्या, आणि तिच्या पुढ्यात उभ्या असलेल्या पोराच्या, ज्याचं डोकं नेमकं तुमच्या दोन चकचकीत तोंडांच्या उंचीला येतं.

आणि आवाज. मित्राच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक ताई राहतात. नर्स आहेत. रात्रपाळी करून सकाळी साडेसातला येऊन झोपतात. आठ वाजता हा खाली गाडी चालू करतो. थंड इंजिन आधीच चढ्या आरपीएमला चालतं, त्यात मध्ये अडवायला काही नाही, आणि पार्किंग तीन बाजूंनी बंद. काही दिवस त्यांनी सोसलं. मग एकदा लिफ्टमध्ये त्याला अगदी काळजीने विचारलं, "अरे, गाडी बिघडलीये का तुझी? माझ्या भावाचं गॅरेज आहे, बघायला सांगू का?" याने मला हा किस्सा 'लोकांना कळतच नाही यार' या सुरात सांगितला. ताईंना बरोब्बर कळलं होतं. गाडी बिघडलेलीच होती.

कंपनीतून बाहेर पडणाऱ्या प्रवासी कारला आवाजाची मर्यादा आहे ७४ डेसिबल, साडेसात मीटरवरून गाडी वेग घेत जाताना मोजलेली. ही चाचणी कोण करतं? आपल्याच टेकडीवरची एआरएआय. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाता ना, ज्या टेकडीला अर्धं पुणं एआरएआयची टेकडी म्हणतं, तिथली १९६६ पासूनची संस्था. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरची लांबी, त्यातले कप्पे, जाळ्या हे सगळं कुणीतरी महिनोन्‌महिने मोजमापं घेऊन ठरवलेलं असतं. मिस्त्री ते ग्राइंडरने पंधरा मिनिटांत उडवतो. डेसिबल हा लॉगरिदमचा मामला आहे, हे तरी आपण शिकलोय. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की दहापट. आणि रात्री दहानंतर निवासी भागासाठी कायद्यातली मर्यादा ४५ डेसिबल आहे. कुठे ४५ आणि कुठे तुम्ही.

स्वतःलाही सुख नाही हो यात! चार सिलिंडरच्या इंजिनात तीन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर धमाके होतात. एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरने चाललात की जुनी बाराशे सीसीची गाडी साधारण तिथेच असते. मग ती शंभर हर्ट्झची घुंऽऽऽ गाडीच्या डब्यात घुमत राहते, तळेगावपासून खालापूरपर्यंत. गाणी ऐकू येत नाहीत, बायको बोललेली ऐकू येत नाही (याला काही जण फायदा म्हणतील), आणि पनवेलला उतरल्यावर डोकं ठणकतं. आणि पन्नास मीटरवरून ऐकणाऱ्याला व्ही-८ ऐकू येतं का? छे! समान अंतराने होणाऱ्या धमाक्यांचा सूर एकच असतो, तो दोन तोंडांतून सोडला तरी तोच. मोनो गाणं दोन स्पीकरवर लावलं म्हणून ते स्टिरिओ होत नाही. ऐकणाऱ्याला फक्त एक मोठ्या आवाजातली स्विफ्ट ऐकू येते.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा फेरफार करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. आवाज-धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२), २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स गेलं. बुलेटचे फटाके सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनी एकमेकांना फॉरवर्ड केलेत. "बरं झालं, माजले होते," असं म्हणत केलेत. बुलेटवाला तो टपोरी, आणि गळ्यात कंपनीचं आयडी कार्ड अडकवून तेच करणारा तो 'एन्थुझियास्ट'? मला तरी त्या दोघांत फक्त चाकांचा फरक दिसतो.

वेगाचीच खरी भूक असेल तर त्या पैशांत चांगले टायर येतात. बाराशे सीसीच्या गाडीला आयुष्यात मिळू शकणारा सगळ्यात मोठा फरक तोच, आणि वरंधा घाटात पावसात तो जीव वाचवतो. प्लग, एअर फिल्टर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल बदलूनही काही उरतील. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जाऊन या एकदा. तिथे कुणाची झोपमोड होत नाही.

ज्यांना अजूनही वाटतंय की आपल्या गाडीने मात्र दुसऱ्या नळीनंतर पिकअप घेतला, त्यांच्यासाठी. आवाज मोठा झाला की गाडी वेगात गेल्यासारखी वाटते, तेव्हा कानांची साक्ष चालणार नाही. डायनोचा कागद आणा. आधीचा आणि नंतरचा, तीच गाडी, तोच डायनो, तोच दिवस, प्रत्येकी किमान तीन रन, आणि कॅट जागच्या जागी. ज्याच्या कागदावर पाच हॉर्सपॉवर वाढलेले दिसतील, त्याला वैशालीत माझ्याकडून डोसा आणि कॉफी. दोन-दोन.